जुनी अ‍ॅल्युमिनियमची मोटरबोट: रंगाचा डबा उघडायच्या आधीची कामं

भावनगर जिल्ह्यात, जुनी जहाजं तोडली जातात त्या अलंगच्या रस्त्यालगत जहाजांवरून उतरवलेल्या जुन्या सामानाची दुकानं आहेत. तिथे लाइफबोटी दिसतात त्या बहुतेक फायबरच्या, पण मधूनच रिवेट (पत्रे जोडायला ठोकून बसवायचे धातूचे खिळे) मारलेली अ‍ॅल्युमिनियमची एखादी छोटी बोटही निघते. अशी बोट ट्रकवर टाकून वडोदऱ्याला आणली की पहिला मोह होतो तो घासूनपुसून रंग मारायचा. माझं ठाम मत आहे की रंग हे या कामातलं शेवटचं आणि सगळ्यात कमी महत्त्वाचं पाऊल आहे. नुसता अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उघड्यावर पन्नास वर्षं टिकतो, कारण त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप येतो आणि ओरखडा पडला तर पुन्हा भरतो. पत्रा खराब होतो तो त्याला लागून बसलेल्या वस्तूंमुळे: पाणी प्यायलेला फोम, कुजलेलं लाकूड, तांब्याचे क्षार, पितळी बूच, साधे लोखंडी स्क्रू, ओला गालिचा. म्हणून घरी हे काम करायचं तर आधी पत्र्याला लागून असलेलं सगळं काढायचं, आणि परत बसवताना प्रत्येक वस्तूच्या बाबतीत विचारायचं की ही पत्र्याजवळ राहण्यालायक आहे का.

घेतानाच चार गोष्टी बघाव्यात. मागची सपाट भिंत, म्हणजे ट्रान्सम, जिथे इंजिन लटकतं, तिच्या वरच्या काठाला धरून जोरात हलवा. हलली किंवा स्क्रूच्या भोकातून तपकिरी पाणी ओघळलं तर आतलं प्लायवुड गेलेलं आहे. ते बदलता येतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, फक्त किमतीत धरा. बाकांखालच्या फोमचा एक तुकडा कापून घ्या, १० × १० × १० सेंटीमीटरचा, म्हणजे बरोबर एक लिटर. कोरडा पॉलियुरेथेन फोम साधारण ३२ ग्रॅम भरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो २५०-३०० ग्रॅम दाखवत असेल तर बोटीत वीस-पंचवीस टक्के पाण्याने भरलेला फोम आहे, आणि तो ज्या पत्र्याला टेकलाय तिथे खड्डे मिळणारच. तिसरी गोष्ट म्हणजे तळाच्या मधल्या कण्याला लागून असलेल्या भेगा. आणि चौथी म्हणजे आधी कोणी सिलिकॉन किंवा डांबर थापलंय का. सिलिकॉन थापलेली बोट शक्यतो सोडून द्या. त्याचा अंश पत्र्यावरून पूर्ण निघत नाही आणि त्यावर पुढचा कुठलाही सीलंट किंवा रंग धरत नाही.

बोट घरी आली की सगळं उकलायचं: बाक, फरशी, फोम, वायरी, ट्रान्समचं लाकूड. जुनं प्लाय तुकडे न करता सबंध काढायचा प्रयत्न करा, तोच नव्याचा साचा. अडकलेले स्टेनलेस स्क्रू हे इथलं सगळ्यात वेळखाऊ काम. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये पांढरी भुकटी साचून दोन्ही जखडलेले असतात. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, सकाळी हॉट एअर गनने आजूबाजूचा पत्रा तापवा, स्क्रूच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या, मग पान्ह्याने थोडं घट्ट आणि मग सैल, असं मागेपुढे करत काढा. गॅसची ज्योत लावू नका. अ‍ॅल्युमिनियम लाल न होता एकदम वितळतं, ६६० अंशांना, आणि त्याआधीच पत्र्याचा कडकपणा निघून जातो.

घासण्याबाबत चुकीच्या सवयी फार आहेत. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमला अक्षरशः खातो आणि हायड्रोजन सोडतो, त्यामुळे भांडी किंवा नाल्या साफ करायच्या पावडरी बाजूला ठेवा. फरशी धुवायचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, त्यातल्या क्लोराइडने बारीक खड्डे पडतात. रंग काढायला अ‍ॅल्युमिनियमला चालणारा पेंट रिमूव्हर, प्लॅस्टिकचं खरवडणं, नायलॉनचे घासणी-पॅड. लोखंडी तारेचा ब्रश ग्राइंडरला लावून फिरवला तर लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि महिन्याभरात तिथे तपकिरी ठिपके उमटतात. त्याच अंगणात कोणी गेटची ग्रिल कापत असेल तर बोट झाकून ठेवा, ठिणग्या म्हणजे तेच लोखंड. सँडब्लास्टिंगवाल्याकडे नेऊ नका. दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा त्या माऱ्याने लाटेसारखा वाकतो आणि परत सरळ होत नाही.

फोम काढल्यावर तळाशी जे दिसतं ते नीट बघा. पांढरी, जिप्समसारखी भुकटी लाकडी काडीने उकरली की खाली काळपट खड्डा लागतो. खड्ड्याची खोली डायल गेजने, ते नसेल तर व्हर्नियरच्या मागच्या सुईने मोजा. मूळ जाडी १.६ मिलिमीटर असेल आणि खड्डा ०.४-०.५ मिलिमीटरच्या आत असेल तर साफ करून इपॉक्सीने भरणं पुरतं. निम्म्याहून खोल गेला असेल, किंवा खड्ड्यांची रांग एकाच बरगडीच्या, म्हणजे तळाला आतून आधार देणाऱ्या पट्टीच्या, काठाने चालली असेल, तर तिथे थिगळ लागणार. खुणा करायला शिसपेन्सिल वापरू नका. ग्राफाइट आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की रेघेच्या जागी पत्रा खाल्ला जातो. परमनंट मार्करची शाई नंतर रंगातून वर येते. साधा खडू बरा.

गळती शोधायला बोटीत बाहेरून आत नव्हे, तर आतून बाहेर पाणी जाऊ द्यायचं. ट्रेलरवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर, बरगड्यांच्या बरोबर खाली आधार देऊन बोट ठेवा आणि आत पाणी भरा. एक चौरस मीटरवर ५ सेंटीमीटर पाणी म्हणजे ५० किलो, १४ फुटी बोटीच्या तळाला तेवढंच दोनशे किलोच्या वर जातं. त्यामुळे सगळीकडे एकदम भरू नका. आधी मागची बाजू खाली करून, मग नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची. बाहेरच्या बाजूने हात फिरवत प्रत्येक ओल्या रिवेटभोवती खडूने गोल काढा. शिवणीतून येणारं पाणी आणि रिवेटमधून येणारं पाणी वेगळं ओळखा. पाणी शिवणीच्या आत दोन-दोन फूट सरकून भलत्याच रिवेटखाली टपकतं, म्हणून पुसून, थांबून, सगळ्यात आधी कुठे थेंब उठतो ते बघायचं.

आता रिवेट. या बोटींची बांधणी विमानांच्या कारखान्यांतून आलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ग्रमन या विमान कंपनीने १९४५ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या निमुळत्या होड्या, बाजारात आणल्या, आणि त्या सुमाराच्या इतर बोटींतही तीच पत्रा-रिवेटची पद्धत दिसते. म्हणून विमानाच्या रिवेटिंगचे नियम इथे जसेच्या तसे लागू पडतात. पत्रा शाबूत असून रिवेट फक्त ढिला असेल तर तो बदलायचाही नसतो, परत ठोकून घट्ट होतो. एक माणूस बाहेरून रिवेटच्या गोल डोक्याला बरोबर बसणारा कप लावलेली एअर हॅमर धरतो, दुसरा आत बसून दोन किलोच्या आसपासचा गुळगुळीत पोलादी ठोकळा, म्हणजे डॉली, रिवेटच्या शेपटीवर, म्हणजे आतल्या टोकावर, दाबून धरतो. हवेचा दाब कमी ठेवून सुरुवात करा. आतल्याने डॉली तिरपी धरली तर शेपूट एका बाजूला लोळते आणि काम वाया जातं. बोलून एकमेकांना काही ऐकू येत नाही, त्यामुळे पत्र्यावर टकटक करून खूण ठरवून घ्यायची: एक टकटक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे झालं. दोघांच्याही कानात बोळे हवेत. जुना रिवेट ठोकून ठोकून आधीच कडक झालेला असतो, त्याला एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त मारलं तर तो फुटतो.

जिथे बदलायचाच असेल तिथे डोक्याच्या मध्यावर पंच मारून, दांड्यापेक्षा किंचित बारीक ड्रिलने फक्त डोक्याच्या जाडीइतकं भोक पाडा, छिन्नीने डोकं उडवा आणि आतून आधार देऊन दांडा पंचाने बाहेर काढा. सरळ आरपार ड्रिल मारलं की भोक लंबगोल होतं आणि मग ते कधीच पाण्याला बंद होत नाही. ४.८ मिलिमीटरच्या रिवेटला ४.९ चं भोक. रिवेटची लांबी अशी काढायची: सगळ्या पत्र्यांची मिळून जाडी, अधिक रिवेटच्या व्यासाची दीडपट. दोन १.६ चे पत्रे असतील तर ३.२ आणि ७.२ मिळून १०.४, म्हणजे साडेदहा मिलिमीटरच्या जवळचा घ्या. ठोकून झाल्यावर शेपटीचा व्यास ७ मिलिमीटरच्या वर आणि उंची अडीचच्या आसपास यायला हवी. त्याहून चपटी झाली तर कडेला भेगा पडतात. रिवेट भरीव हवेत, ५०५२ किंवा ५०५६ मिश्रधातूचे, आणि घालायच्या आधी भोकात पॉलियुरेथेन सीलंटचा थेंब. हार्डवेअरच्या दुकानातले साधे पॉप रिवेट कितीही सोपे वाटले तरी पाण्याखाली नकोत. त्यांच्या पोटात लोखंडी खिळा अडकून राहतो, तो गंजतो, आणि त्याच पोकळीतून पाणी येतं. हातच पोचत नाही अशा एखाद-दुसऱ्या ठिकाणी बंद टोकाचे अ‍ॅल्युमिनियमचे रिवेट चालतील.

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) टिग वेल्डिंगचं चांगलं काम करणारे मिळतात, त्यामुळे ‘भोकं वेल्ड करून टाका की’ हा सल्ला सगळ्यांकडून येतो. रिवेटच्या बोटीला मी तो मानत नाही. ऑक्साइडचा थर २००० अंशांच्या वर वितळतो आणि खालचा धातू ६६० ला, म्हणून जुन्या, तेलकट, खड्डे पडलेल्या पत्र्यावर वेल्ड बुडबुड्यांनी भरतो. शिवाय उष्णतेने आजूबाजूचे रिवेट ढिले होतात, शिवणीतला सीलंट जळतो आणि वेल्डच्या कडेला पत्रा मऊ पडतो. पुढच्या हंगामात तडा नेमका तिथेच जातो. बाकाचा तुटलेला कोपरा, काठाची पट्टी अशा पाण्याच्या वरच्या जागांना खुशाल वेल्ड करा, ५३५६ मिश्रधातूच्या फिलरने (वेल्डमध्ये वितळवून भरायच्या तारेने), पण फोम पूर्ण काढल्यावरच. पॉलियुरेथेन जळताना सायनाइडचा वायू सोडतो. साफसफाई अ‍ॅसिटोनने करा आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच आर्क लावा. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वेल्डिंगच्या उजेडात फॉस्जीन बनवतो, तो जीवघेणा आहे.

पाण्याखालच्या थिगळाला ५०५२-एच३२ चा (५०५२ मिश्रधातूचा, कडक केलेला) मूळ जाडीचाच पत्रा घ्या. दुकानदाराकडे मिल सर्टिफिकेट, म्हणजे पत्रा बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला, मागा. भांड्यांचा किंवा छपराचा मऊ पत्रा दिसायला तसाच असतो आणि पहिल्याच खडकाने त्याला पोचा पडतो. भेगेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडून तिला थांबवा. थिगळाचे कोपरे गोल करा, चारी बाजूंनी किमान ३० मिलिमीटर पुढे जाऊ द्या, मध्ये सीलंटचा सलग थर, आणि रिवेटच्या दोन रांगा. काठापासून रिवेटचा मध्य व्यासाच्या दुप्पट, दोन रिवेटमधलं अंतर किमान तिप्पट.

शिवणींना आतून पातळ, लवचीक इपॉक्सी लावायचं ते संध्याकाळी. दिवसभर उन्हात तापलेली बोट थंड होत असताना शिवणीतली हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढून घेते. सकाळी लावलं तर उलट होतं: तापत जाणारी हवा बाहेर येते आणि बुडबुडे धरतात.

ट्रान्समच्या प्लायबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे इथेच घोटाळा होतो. १९ मिलिमीटरच्या दोन शीट इपॉक्सीने चिकटवून ३८ मिलिमीटर जाडी करायची. क्लॅम्पने लावायच्या बहुतेक लहान इंजिनांना ती बरोबर बसते. आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय घ्या, पण एक लक्षात ठेवा: त्याला कीड-बुरशी लागू नये म्हणून परिरक्षक द्रावण मुरवलेलं असतं आणि त्यात बरेचदा तांब्याचे क्षार असतात. ओलं होऊन ते पत्र्याला लागले की तांबं अ‍ॅल्युमिनियमला खातं. म्हणून हे प्लाय उघडं कधीच बसवू नका. सगळ्या बाजूंना पातळ इपॉक्सीचे तीन हात, कडांना त्याहून जास्त, कारण पाणी कडेनेच आत शिरतं. बोल्टसाठी १६ मिलिमीटरचं भोक पाडा, ते इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यातच १०.५ चं भोक पाडून १० मिलिमीटरचा ३१६ स्टेनलेसचा बोल्ट घाला. असं केलं की बोल्टमधून पाणी आलं तरी लाकडाला लागत नाही. प्लायच्या दुकानात हल्ली पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळलेला) बोर्ड पुढे करतात, ‘कधी कुजणार नाही साहेब’ म्हणून. कुजणार नाही हे खरं, पण इंजिनाच्या क्लॅम्पखाली तो हळूहळू दबत जातो, क्लॅम्प सैल पडतो आणि इंजिन पाण्यात जाऊ शकतं. किचनच्या कपाटाला ठीक आहे, ट्रान्समला नाही.

उंचीही आताच तपासा. शॉर्ट शाफ्ट इंजिनाला ट्रान्सम १५ इंच लागतो, लाँग शाफ्टला २० इंच. इंजिनाच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. खूप वर राहिली तर वळताना पंखा हवा ओढतो.

फोमचं गणित करूनच परत भरायचं. घनमीटरला ३२ किलो घनतेचा १०० लिटर फोम साधारण ९७ किलो वजन उचलून धरतो. अ‍ॅल्युमिनियम पाण्यात बुडलं की त्याचं वजन ६३ टक्केच लागतं, म्हणजे ११० किलोची बोट ७० किलो. त्यात इंजिन ५० आणि बॅटरी १५ किलो धरली की १३५ किलो झाले. फक्त बोट तरंगत राहायलाच १४० लिटर फोम, आणि माणसांना धरून राहता यावं म्हणून मी २०० च्या खाली जाणार नाही. त्यातला बराचसा बाजूंना वर आणि मागे भरा. सगळा तळात भरला तर पाणी भरलेली बोट उलटते. थर्माकोल किंवा एक्सपीएसच्या शीट पेट्रोल सांडलं की विरघळतात, त्या वापरायच्याच असतील तर टाकीपासून लांब. डब्यातून फवारायचा फटी भरायचा फोम पाणी पितो, तो नको. आणि फोम पत्र्याला चिकटवू नका. खाली बोटभर वाट मोकळी ठेवली की आलेलं पाणी मागच्या बुचाकडे वाहून जातं.

माणसं किती, याचं जुनं सूत्र २० फुटांच्या आतल्या बोटींना लागू आहे: लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले १५. १४ बाय ५ च्या बोटीत चार. चारच. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्यातल्या आपल्याच हरणीच्या मोटनाथ तलावात बोट उलटून शाळेच्या सहलीतली बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि बऱ्याच जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नाही, हीच त्याची कारणं पुढे आली. हा आकडा ट्रान्समच्या आतल्या बाजूला ठळक रंगवा आणि जॅकेटं तेवढीच घ्या.

रंगाला वडोदऱ्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही आणि दोन भागांचा रंग ब्रशवरच घट्ट होतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की कालवलेल्या रंगाचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते तेव्हा हात लावू नये. पत्रा ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धुवा, वरून पाणी सोडा. पाण्याचा पडदा अर्धा मिनिट सलग राहिला तर पत्रा स्वच्छ. कुठे थेंब जमले तर तिथे तेल आहे. मग त्याच दिवशी, काही तासांत, इपॉक्सी प्रायमर. एच (etch) प्रायमर, म्हणजे आम्ल असलेला, पत्र्याला चावून बसणारा प्रायमर, वापरणार असाल तर तो ८ ते १२ मायक्रॉनच, आणि त्यावर कुठला इपॉक्सी चालतो ते रंगाच्या कंपनीच्या माहितीपत्रकात बघूनच. त्यातल्या उरलेल्या आम्लाने पुष्कळ इपॉक्सी नीट वाळत नाहीत आणि वर्षभरात पापुद्रे निघतात. वरचा पॉलियुरेथेनचा हात स्प्रेने मारणार असाल तर साधा कापडी मास्क पुरत नाही, बाहेरून हवा येणारा मास्क लागतो. घराच्या अंगणात त्यापेक्षा रोलरने मारून वर कोरडा ब्रश ओढणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. तांबं असलेला अँटीफाउलिंग (तळाला शेवाळ-शिंपले धरू न देणारा) रंग अ‍ॅल्युमिनियमवर अजिबात नाही. ट्रेलरवरून ने-आण होणाऱ्या बोटीला त्याची गरजही नसते. आतला तळ मी उघडाच ठेवीन. रंगाखाली गळती लपते. फक्त बाक आणि काठ फिक्या, मॅट रंगाने रंगवा, नाहीतर आपल्या उन्हात डोळे दिपतात.

जोडणी करताना स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मध्ये नायलॉनचं वॉशर आणि अशा जोडांसाठीची प्रतिबंधक पेस्ट. पितळी बूच काढून प्लॅस्टिकचं. वायरी कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या, बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज, आणि निगेटिव्हची वायर बॅटरीपर्यंत वेगळी. बोटीच्या पत्र्याला गाडीच्या बॉडीसारखं अर्थिंग केलं तर भटका करंट काही महिन्यांत पत्रा खातो. पंपावरचं पेट्रोल आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) असल्याने इंजिनाच्या जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे पॅकिंग बदलून घ्या, आणि काम संपल्यावर कार्बोरेटर रिकामा करा. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं इम्पेलर (रबरी चक्र) नवं टाका. इंजिन तपासायला मोठ्या पिंपात उभं करून पाणी आत घ्यायच्या जाळीच्या वर भरा. कोरडं चालवलं तर इम्पेलर काही सेकंदांतच जळतं.

इंजिन लावलेल्या बोटीला इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ लागू होतो, तेव्हा नोंदणी आणि ज्या तलावात उतरवायची तिथली परवानगी आधी. आजवा हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव, आणि विश्वामित्री नदीत मगरी आहेत. तिथे ‘जरा उतरवून बघू’ असं करू नका. पहिल्यांदा उतरवताना इंजिन बंद ठेवून अर्धा तास नुसती बांधून ठेवा आणि खडूच्या जुन्या खुणांपाशी हात लावून बघा. तासभर चालवल्यावर ट्रान्समचे बोल्ट आणि इंजिनाचे क्लॅम्प पुन्हा आवळा. ट्रेलरच्या लाकडी पट्ट्यांवर गालिचा असेल तर तो काढून प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवा, कारण तो ओला राहून तळाला लागतो. पावसाळ्यात बोट सिमेंटच्या फरशीवर न ठेवता रबराच्या ठोकळ्यांवर, नाळ वर आणि बूच काढून ठेवा. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, दोन्ही टोकांना हवा खेळायला जागा सोडा.